हनुवटीपर्यंत कीं मस्तकापर्यंत?

जन्मभर मुलांकडून अमरकोश आणि रूपावलि घोकवून घेतलेल्या आमच्यासारख्या मास्तरानें स्कीच्या लांबीविषयीं लिहावें, हें पाहून पुष्कळ वाचकांस हंसूं येईल. आम्हांसही तें येतें. ज्या कृष्णाकाठीं आमचें आयुष्य गेलें, तेथें बर्फ पाहावयाचा तर उसाच्या रसाच्या पेल्यांत. परंतु इसवी सन २०२४ च्या फेब्रुवारींत आमचे धाकटे बंधु, त्यांची मंडळी, आमची सून आणि दोन नातवंडें यांच्यासह आम्ही काश्मिरांत गुलमर्ग येथें चार दिवस राहून आलों, आणि तेथें जो धडा शिकलों तो स्कीच्या निमित्तानेंच शिकलों. मास्तरानें आपली चूक स्वतःच फळ्यावर लिहून दाखवावी, असा आमचा वर्गांतील नियम होता. तो पाळण्यासाठींच हा लेख.

श्रीनगराहून गुलमर्ग सुमारें पन्नास किलोमीटर आहे. टंगमर्गपर्यंतचा रस्ता शेतांतून आणि उंच सफेद्यांच्या रांगांमधून जातो. तेथें मोटारीच्या चाकांस लोखंडी सांखळ्या बांधतात आणि मग सूचिपर्णी वृक्षांच्या रानांतून तेरा किलोमीटरांचा वळणावळणाचा चढ लागतो. वर पोहोंचलें म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारें २,६५० मीटर उंचीवर, चहूं बाजूंनीं डोंगरांनीं वेढलेलें एक विस्तीर्ण कुरण पुढें येतें. उन्हाळ्यांत तेथें फुलें असतात. आम्ही गेलों तेव्हां सर्वत्र एकच शुभ्रता होती. त्या वर्षीं सबंध जानेवारी जवळजवळ कोरडा गेला होता. बर्फ महिन्याच्या अखेरीस पडला, आणि घोडेवाले, स्लेज ओढणारे, खाणावळवाले यांच्या जिवांत जीव आला. नीलमतपुराणांत नव्या हिमाच्या पहिल्या वर्षावाचा उत्सव सांगितला आहे. ही माहिती आम्ही विद्यार्थ्यांस अनेक वर्षें सांगत आलों. तिचा अर्थ मात्र त्या माणसांच्या मुद्रा पाहिल्यावर कळला.

स्कीचा खेळ येथें इंग्रजी अमदानींत रुजला. १९२७ सालीं येथें स्की क्लब निघाला. आज दोन टप्प्यांची दोरवाट आहे, तिला ‘गंडोला’ म्हणतात. पहिला टप्पा सुमारें ३,०८० मीटरांवरील कोंगडोरीस पोहोंचवितो, दुसरा अफरवट पर्वताच्या खांद्यावर, सुमारें ३,९५० मीटरांवर. तेथील मऊ, न तुडविलेल्या बर्फासाठीं दूरदेशींचे लोक येतात. नवशिक्यांचें काम मात्र खालच्या सौम्य उतारावरच चालतें, आणि तेथें जाण्यापूर्वीं सर्वांस एका दुकानांतून जावें लागतें.

त्या दुकानांत भिंतीशीं जोड्याजोड्यांनीं स्की उभ्या केलेल्या होत्या. स्की म्हणजे एक लांब, अरुंद फळी. टोंकाशीं वर वळलेली, मध्यें कमरेसारखी निमुळती, दोन्ही कडांस पोलादाची धार. तिच्यावर जाड बूट अडकवावयाचा आणि बर्फावरून घसरावयाचें. फिरन घातलेले, पन्नाशीच्या घरांतील एक शिक्षक आम्हांस मिळाले होते. ते प्रत्येकास तीन प्रश्न विचारीत: वजन किती, पूर्वीं कधीं केलें आहे काय, आणि सावकाश जाणें आवडतें कीं वेग आवडतो? मग एक स्की काढून त्या माणसाच्या अंगाशीं उभी धरून पाहात.

आमचा पुतण्या नोकरीच्या निमित्तानें म्युनिकला राहिलेला. दोन हिवाळे तो आल्प्स पर्वतांत हा खेळ शिकला होता. त्याची उंची १७२ सेंटिमीटर, वजन ऐंशी किलो. त्यास शिक्षकांनीं १७० सेंटिमीटरांची, जवळजवळ टाळूस लागणारी स्की दिली. आमचा नातू चौदा वर्षांचा. गेल्या वर्षभरांत बांबूसारखा वाढून तो काकाच्या खांद्यास खांदा लावूं लागला आहे. वजन मात्र अठ्ठेचाळीस किलो. त्याच्यासाठीं १५० सेंटिमीटरांची, हनुवटीशीं संपणारी जोडी निघाली. मुलाचें तोंड उतरलें, आणि तेथें आम्हीं तोंड घातलें.

“दोघांची उंची एकच,” आम्ही म्हणालों, “मग एकास लांब आणि दुसऱ्यास आंखूड काय म्हणून? मुलगा वाढत्या अंगाचा आहे. लांबच द्या.” आमच्या घरांत सदरा, चप्पल, गणवेश सारें वाढत्या अंगाचेंच घेण्याची रीत, चार दिवसांसाठीं भाड्यानें घ्यावयाच्या वस्तूस ती लागूं पडत नाहीं, हें आमच्या ध्यानांतही आलें नाहीं. वर आम्हीं त्या सद्गृहस्थांस मनुस्मृति ऐकविली. तींत बटूच्या दंडाचें माप सांगितलें आहे: ब्राह्मणाचा केसांपर्यंत, क्षत्रियाचा ललाटापर्यंत, वैश्याचा नाकापर्यंत. मापें तींच, पाहा! आमच्याकडे हें शास्त्र फार प्राचीन, असें आम्ही म्हणालों. शिक्षक हंसले आणि म्हणाले, “मास्टरजी, तुमच्या ग्रंथांत जन्म पाहून मोजतात, आम्ही अभ्यास पाहून मोजतों.” त्यांनीं दोनदां समजावून पाहिलें. पुतण्याही कांहीं बोलावयास आला होता, पण गप्प राहिला. आमच्या घरांत वडीलधाऱ्यांचा शब्द खालीं पडत नाहीं. हा घराचा गुण आहे असें आम्ही आजवर मानीत आलों. त्या सकाळीं तोच नडला. नातवास १६५ सेंटिमीटरांची जोडी मिळाली.

वेग आवरण्याची पहिली युक्ति अशी कीं, स्कीचीं टोंकें जवळ आणि शेपट्या दूर करून नांगराच्या फाळासारखा कोन करावयाचा. धाकटी नात अकरा वर्षांची, उंची १४० सेंटिमीटर, स्की १२० ची. तिला हें तासाभरांत साधलें. नातवाला साधेना. दोनदां तो आमच्यापाशीं येऊन म्हणाला, “आजोबा, टोंकें ऐकत नाहींत. जड वाटतें.” आम्ही म्हणालों, “सवय होईल.” तिसऱ्या खेपेस उतारावर त्याचीं टोंकें एकमेकांवर चढलीं आणि तो कोलमडला. एक स्की सुटली, दुसरी वेळेवर सुटली नाहीं. गुडघा पिळवटला. हाड मोडलें नव्हतें, पण स्नायुबंध ताणला गेला होता. डॉक्टरांनीं तीन आठवडे विश्रांति सांगितली.

त्या संध्याकाळीं शिक्षक आमच्या खोलीवर समाचारास आले. कांगडी मांडीशीं घेऊन बसले. एक शब्दही दोषाचा बोलले नाहींत. आम्हींच विचारलें, तेव्हां त्यांनीं सांगितलें तें असें.

स्की म्हणजे धनुष्य. कडेवर भार दिला कीं ती वांकते, आणि त्या वांकण्यांतून वळण निघतें. जितकी लांब तितकी तिची कड बर्फास अधिक धरून राहाते; म्हणून वेगांत ती स्थिर असते, पण वळविण्यास जड. आंखूड स्की चटकन् वळते, पण वेग वाढला कीं थरथरते. आतां धनुष्य वांकवितें कोण? उंची नव्हे, वजन आणि कसब. ऐंशी किलोचा जाणता माणूस १७० ची स्की वांकवितो. अठ्ठेचाळीस किलोच्या अजाण पोराखालीं तसलीच फळी ताठ राहाते आणि तीच त्याला नेते. उंची कामाची एवढ्यापुरतीच कीं तिच्यावरून आरंभ कोठें करावा तें कळतें. उंची आम्हांस सर्वांत आधीं दिसते, म्हणून आम्ही तिला सर्वस्व समजतों.

पुढें दोन रात्री पुतण्यानें या विषयावर पुष्कळ सांगितलें, आणि आम्हांस नवल वाटलें तें याचें कीं, हा वाद जगांत फार जुना आहे. स्वीडनमध्यें एका पाणथळ जागेंत सांपडलेली सुमारें पांच हजार वर्षांपूर्वींची एक स्की दोन मीटरांहून किंचित् अधिक लांब आहे. उत्तरेकडील देशांत एके काळीं दोन्ही पायांच्या स्की सारख्याही नसत: एक लांब, घसरण्यासाठीं, दुसरी आंखूड, रेटा देण्यासाठीं. नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतांतील सोंद्रे नोरहाइम (१८२५–१८९७) यानें कमरेशीं निमुळत्या, आंखूड स्की वापरून वळण्याची कला नांवारूपास आणली. ऑस्ट्रियाच्या मथियास झ्दार्स्कीनें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, उभ्या चढउतारांच्या आल्प्सला नॉर्वेची लांब स्की सोयीची नाहीं, म्हणून ती आंखूड केली. तरीही पुढें कैक दशकें, हात वर करून उभें राहावें आणि मनगटाशीं पोहोंचेल ती स्की घ्यावी, असाच प्रघात होता; दोन मीटरांची स्की हें मर्दुमकीचें लक्षण समजत. ‘ऊर्ध्वबाहु पुरुष’ हें आमच्या शुल्बसूत्रांतील वेदीचेंही माप. त्यामुळें आमचे कान टवकारले. पण या खेपेस आम्हीं व्याख्यान दिलें नाहीं. १९९० नंतरच्या दशकांत खोल कमरेच्या स्की आल्या, थोड्या लांबींत पुरें वळण मिळूं लागलें, आणि हात खालीं आले.

ही सारी चर्चा नातू गुडघ्याखालीं उशी घेऊन ऐकत होता. आम्हांस तो कांहीं बोलला नाहीं. बोलला असता तर बरें झालें असतें. त्याच्या उशाशीं बसलों असतां आम्हांस एक जुना वर्ग आठवला. आमच्या शाळेंत मुलें उंचीप्रमाणें बसविण्याची चाल होती, ठेंगणीं पुढें, उंच मागें. एके वर्षीं एक उंचेला मुलगा असाच शेवटच्या बाकावर बसविला. “गुरुजी, फळा दिसत नाहीं,” असें तो दोनदां म्हणाला. “लक्ष दिलेंस म्हणजे दिसेल,” असें आमचें उत्तर. वर्षभर त्यास मठ्ठांत मोजलें. पुढच्या इयत्तेंत दुसऱ्या मास्तरांनीं त्याचे डोळे तपासविले. चष्मा लागला, आणि मुलगा पहिल्या पांचांत आला. दोन मुलगे, दोन वेळां सांगणें, आणि आमचीं तींच दोन उत्तरें!

शेवटच्या दिवशीं सर्व मंडळी गंडोलानें कोंगडोरीस गेली. नातवास पुतण्यानें पाठुंगळीस घेतलें. वरून अफरवटचे पटाईत खाली येतांना दिसत. त्यांच्या स्की चांगल्या रुंद आणि कित्येकांच्या तर डोक्याहूनही उंच, कारण मऊ बर्फांत माणूस बुडूं नये म्हणून भार पसरावा लागतो. “आजोबा, हे उंच आहेत म्हणून लांब घेत नाहींत,” नातू म्हणाला. आम्ही म्हणालों, “खरें आहे. आणि परवां तुझेंच खरें होतें.” इतकें बोलण्यास आम्हांस तीन दिवस लागले.

आमच्या वाचकांपैकीं कोणी मुलांलेंकरांसह गुलमर्गास किंवा उत्तराखंडांतील औलीस जाणार असतील, तर त्यांच्यासाठीं चार शब्द. नवशिक्यानें हनुवटीच्या आसपासची स्की घ्यावी. मुलांस छाती ते हनुवटी पुरे. एकदोन हिवाळे काढलेल्यानें नाकापासून कपाळापर्यंत जावें. वेगाची हौस आणि अंगीं कसब असेल त्यानेंच मस्तकापर्यंत. देह हलका असेल तर पांच-दहा सेंटिमीटर उतरावें, भारी असेल तर तितकेंच चढावें. स्कीवर मीटरांत वळणाचा एक आंकडा छापलेला असतो. तो लहान असेल तर वळणें लहान. घडविलेल्या वाटेसाठीं पायाखालीं सत्तर-ऐंशी मिलिमीटर रुंदी ठीक. मऊ बर्फासाठीं शंभर व अधिक. टोंकें फार वर वळलेलीं असतील तर बर्फास टेंकणारा भाग कमी भरतो, म्हणून तेथें थोडी लांब घेतलेली चालते. शर्यतीच्या स्कीचें माप येथें लावूं नये: स्लालम या नागमोडी शर्यतींत पुरुषांस किमान १६५ सेंटिमीटरांचा नियम आहे, आणि सरळ उताराच्या शर्यतींत २१८ चा, एकाच माणसाचे पाय, पण काम निराळें. पायांतील बांधणी आपल्या वजनास जुळविली आहे ना, तें मात्र दरेक वेळीं पाहून घ्यावें. आणि मुलगा “जड वाटतें” म्हणाला, तर तें माप त्या दुकानांतील सर्व मापांपेक्षां खरें समजावें.

आमचा तो जुना विद्यार्थी दरसाल दसऱ्यास सोनें द्यावयास येतो, वांकून नमस्कार करितो. तो विषय त्यानें कधीं काढला नव्हता, आम्हींही नाहीं. २०२४ च्या दसऱ्यास आम्हीं तो काढला. तो हंसला, चष्मा पुसून म्हणाला, “गुरुजी, फळा दिसत नसे म्हणून मी वर पाहात बसें. आढ्याला सतरा वासे होते, तेवढें अजून पाठ आहे.” सूनबाईनें चहा आणला. नातू तेथेंच बसला होता. त्यानें ते सतरा वासे शाळेंत जाऊन मोजून यावयाचें ठरविलें.