प्रस्तावपत्रावरील एक 'नाही'

आमची सटाण्यात कापडाची पेढी आहे. आजोबांनी ती सुरू केली, वडिलांनी वाढवली आणि गेली पस्तीस वर्षे ती मी सांभाळतो आहे. एवढ्या काळात मालाचा विमा उतरवल्याशिवाय सुरतेहून कापडाचा एकही गठ्ठा मी निघू दिलेला नाही. पावसाळ्यात घाट चढून येणाऱ्या मालमोटारीचा काय भरवसा? दुकानाला आगीचा विमा आहे, गोदामाला आहे. विमापत्र आले की चष्मा लावून त्यातील बारीक अक्षरेही वाचावीत, ही वडिलांची शिकवण. गठ्ठे किती, तागे किती, किंमत किती, हे बिलाशी ताडून पाहिल्याखेरीज मी सही करीत नसे.

अशा माणसाने आपल्या धर्मपत्नीच्या आरोग्याच्या विम्यावर न वाचता सही केली. तो अनुभव समाजबांधवांपुढे मांडताना संकोच वाटतो. परंतु आज आपल्या समाजातील बहुतेक घरांतून कोणी ना कोणी परदेशी शिकत आहे, नोकरीस आहे किंवा मुलाबाळांना भेटण्यासाठी जात आहे. माझ्या चुकीने एखादे घर सावध झाले तरी पुरे.

२०२३ च्या जून महिन्यात आम्ही उभयता कन्येकडे अमेरिकेत न्यू जर्सीला जाणार होतो. तिचे बाळंतपण जवळ आले होते. निघण्यापूर्वी सौ.ची इच्छा म्हणून मांगीतुंगीला दर्शनास गेलो. पूर्वी ती डोंगराच्या पायऱ्या णमोकार मंत्र म्हणत सहज चढत असे. गेल्या काही वर्षांत रक्तदाबामुळे डॉक्टरांनी चढण वर्ज्य केली होती, म्हणून या खेपेस डोली केली. डोलीवाल्यांनाही मी बजावले, "सावकाश चला, बाईंना बीपी आहे."

त्याच आठवड्यात विमा प्रतिनिधी दुकानावर आला. ओळखीतला, चांगला मनुष्य. प्रस्तावपत्रात प्रश्न होते: रक्तदाब आहे काय, मधुमेह आहे काय, नियमित औषधे चालू आहेत काय. तो म्हणाला, "काका, सगळीकडे 'नाही' लिहू. 'हो' लिहिले की हप्ता वाढतो, तपासण्या मागतात आणि उगाच वेळ जातो. बीपी काय, घरोघरी असते." गिऱ्हाईक समोर बसले होते. मी मान डोलावली आणि सही केली. जी गोष्ट डोलीवाल्यांना सांगितली, ती विमा कंपनीला सांगितली नाही.

न्यू जर्सीतील पहिले दोन महिने आनंदात गेले. नातीचा जन्म झाला. आचार्य सुशीलकुमारजींनी १९८३ साली स्थापन केलेल्या सिद्धाचलम् या तीर्थाचे दर्शन घडले. परक्या मुलुखात वनराईत उभे असलेले ते जिनालय पाहून सौ.चे डोळे भरून आले.

ऑगस्टमध्ये एका चतुर्दशीला तिचा उपवास होता. उपवासात गोळी घ्यायची नाही, म्हणून तिने सकाळची गोळी तशीच ठेवली. दुपारी स्वयंपाकघरात उभी असताना तिची जीभ जड झाली आणि उजवा हात सुन्न पडला. जावईबापूंनी तत्काळ रुग्णवाहिका बोलावली. रुग्णालयात मेंदूची तपासणी झाली, रक्त तपासले, दोन रात्री देखरेखीखाली ठेवले. रक्तदाब अतोनात वाढला होता, परंतु मेंदूला इजा झालेली नव्हती. तिसऱ्या दिवशी ती चालत घरी आली.

तपासताना तेथील डॉक्टरांनी विचारले होते, रक्तदाब कधीपासून आहे? कन्येने प्रश्न मराठीत सांगितला आणि सौ.ने सरळपणे उत्तर दिले, "बारा वर्षे झाली." ते उत्तर रुग्णालयाच्या कागदावर उतरले.

तेथे बिल एकच येत नाही. रुग्णवाहिकेचे वेगळे, तातडीच्या कक्षातील डॉक्टरांचे वेगळे, छायाचित्रे वाचणाऱ्या तज्ज्ञांचे वेगळे आणि रुग्णालयाचे वेगळे. महिनाभरात सारे कागद जमले तेव्हा बेरीज एकतीस हजार डॉलरवर गेली. त्या वेळच्या दराने पंचवीस लाखांच्या वर. आमचा विमा पन्नास हजार डॉलरचा होता, म्हणून मी निश्चिंत होतो. ऑक्टोबरमध्ये कंपनीचे पत्र आले. रुग्णालयाच्या नोंदीनुसार आजार बारा वर्षांपासूनचा आहे, प्रस्तावपत्रात तो नाकारला आहे, सबब दावा अमान्य.

त्या रात्री सौ.ने मला विचारले, "अहो, मी डॉक्टरांना खरे सांगायला नको होते का?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत 'कूटलेखक्रिया' हा एक. लहानपणी पाठशाळेत ते पाठ केले होते. खोटी वही, खोटी पावती, खोटा दस्तऐवज असा त्याचा अर्थ मी समजत आलो, आणि या बाबतीत आपण निर्दोष आहोत असा मला अभिमानही होता. प्रस्तावपत्रावरचा दोन अक्षरांचा 'नाही' हादेखील कूटलेखच आहे, हे मात्र ध्यानी आले नव्हते.

पुढे विमापत्र प्रथमच संपूर्ण वाचले, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. आधीपासूनच्या आजाराचा खर्च त्यात सर्वसाधारणपणे वगळलेला होता. परंतु प्राणावर बेतणारा प्रसंग आल्यास अशा आजारासाठीही ठराविक मर्यादेपर्यंत खर्च देण्याची तरतूद होती. आजार लिहिला असता तर त्या तरतुदीचा आधार मागता आला असता. काही हजार रुपयांचा हप्ता वाचवण्यासाठी मी तो आधार स्वतःच्या हाताने कापला होता. विमा लोकपालाकडे दाद मागावी, असे एका स्नेह्याने सुचवले. कंपनीच्या निर्णयाविरुद्ध वर्षभराच्या आत तेथे विनाशुल्क तक्रार करता येते आणि अनेकांना तेथे न्याय मिळतोही. पण लोकपालापुढे मी काय सांगणार होतो? प्रतिनिधीने सुचवले हे खरे, तरी सही माझी होती.

पैशापेक्षाही एक शल्य मोठे होते. कन्येच्या घरचे पाणी पितानाही आपल्याकडील जुनी माणसे संकोचत. आणि इथे माझ्या सहीचा भार जावईबापूंच्या माथी आला, कारण रुग्णालयात हमीदार म्हणून त्यांनी सही केली होती. ते एका शब्दानेही बोलले नाहीत. रुग्णालयाच्या हिशेब विभागाकडून त्यांनी बाबवार बिल मागवले, प्रत्येक रकमेविषयी विचारणा केली आणि सवलतीचा अर्ज केला. नफ्यासाठी न चालवल्या जाणाऱ्या रुग्णालयांना अशा सवलतीचे लेखी धोरण ठेवणे तेथील कायद्याने बंधनकारक आहे, हे तेव्हा समजले. दोन महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर सारे मिळून एकोणीस हजार डॉलरवर तडजोड झाली. सुमारे पावणेसोळा लाख रुपये. त्यांनी ते हप्त्यांनी भरण्याचे कबूल केले.

सटाण्याला परतल्यावर पेढीच्या खतावणीत मी जावईबापूंच्या नावाचे खाते उघडले आणि ती रक्कम त्यांची जमा दाखवली. त्यांनी फोनवर पुष्कळ नकार दिला. मी म्हटले, "हे व्यापाऱ्याचे देणे आहे, सासऱ्याचे नव्हे." दोन वर्षांत बँकेमार्फत ती रक्कम फेडली.

पूर्वी पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत 'जोखमी हुंडी' चालत असे. तिची रक्कम माल मुक्कामी सुखरूप पोहोचला तरच देय होई. जहाज बुडाले तर हुंडी घेणाऱ्याने नुकसान सोसायचे. हुंडी आणि विमा असे दोन्ही त्या एका कागदात होते. जहाजात काय भरले आहे, हे भरणाऱ्यालाच ठाऊक; सराफ केवळ त्याच्या शब्दावर जोखीम घेई. आजच्या विम्याचा पायाही तोच आहे. आपल्या शरीरात काय आहे हे आपल्यालाच माहीत असते, आणि कंपनी आपल्या लेखी शब्दावर जोखीम घेते. व्यापारी घराण्यांना हे कोणी नव्याने शिकवायला नको. मालाच्या बाबतीत जे आपण कटाक्षाने पाळतो, ते माणसाच्या बाबतीत विसरतो, एवढेच.

या प्रकरणानंतर मी या विषयाची पुष्कळ माहिती गोळा केली. प्रत्येक देशाची रीत निराळी आहे. युरोपातील शेंगेन देशांच्या अल्पकालीन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा दाखवावाच लागतो. ब्रिटनला शिकायला जाणाऱ्यास व्हिसाच्या अर्जाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून विद्यार्थ्यासाठी तो वर्षाला ७७६ पौंड आहे आणि त्यावर तेथील सरकारी आरोग्यसेवा मिळते. ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र आरोग्यविमा सक्तीचा आहे. जर्मनीत विम्याशिवाय विद्यापीठात नाव नोंदवता येत नाही, आणि तिशीच्या आतील विद्यार्थ्याला तेथील सार्वजनिक विमा सवलतीत मिळतो. अमेरिकेत विद्यापीठे बहुधा आपल्या विम्याचा आग्रह धरतात. परंतु मुलांना भेटायला जाणाऱ्या आईवडिलांवर मात्र विम्याची कोणतीही सक्ती नाही. जेथे उपचार सर्वांत महाग, तेथेच पाहुण्याला मोकळीक! त्यामुळे तो निर्णय सर्वस्वी आपल्या विवेकावर येतो. तेथे कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळालेल्या वृद्धांनीही ध्यानात ठेवावे, की पासष्टीनंतर सरकारी मेडिकेअर विमा विकत घेण्यासाठी सलग पाच वर्षांचे वास्तव्य लागते. तोपर्यंतची सोय स्वतःच करावी लागते.

विमापत्र घेताना आता मी चार गोष्टी पाहतो. आधीच्या आजाराविषयी नेमके काय लिहिले आहे, ही पहिली. दावा करताना आधी आपल्या खिशातून किती भरायचे, ही दुसरी. साठीनंतर एकेका उपचारावर वेगळी मर्यादा घातली आहे काय, ही तिसरी. कारण वर पन्नास हजार डॉलर लिहिलेले असले, तरी आत खोलीभाड्याला किंवा शस्त्रक्रियेला त्याचा अल्पसा भागच मिळतो, असेही असते. आणि चौथी, मुक्काम लांबल्यास मुदत वाढवण्याचा अर्ज जुनी मुदत संपण्यापूर्वी करता येतो काय. रुग्णालयात दाखल होताच कळवण्याचा क्रमांक घरातील प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा. औषधे पुरेशी न्यावीत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी आणि तीत औषधाचे मूळ नाव लिहिलेले असावे. उपवासाच्या दिवशी गोळीचे काय करायचे, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना आणि आपल्या गुरुजनांना विचारून ठेवावे. सौ.ने आता ते विचारले आहे.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे प्रस्तावपत्र दुसऱ्याला भरू देऊ नये. भरू दिलेच, तर सही करण्यापूर्वी आजारी माणसाला शेजारी बसवून प्रत्येक उत्तर मोठ्याने वाचावे. त्या दिवशी सौ.ला दुकानात बोलावून मी प्रश्न वाचून दाखवले असते, तर तिने 'बारा वर्षे' हेच सांगितले असते.

आता रविवारी दुपारी दुकान बंद झाल्यावर कोणी ना कोणी कागद घेऊन येतो. मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतील एक मुलगी आईसह आली. ती पुढील शिक्षणासाठी आयर्लंडला निघाली आहे, आणि तेथेही परदेशी विद्यार्थ्यांना खाजगी विमा दाखवावा लागतो. मी एकेक प्रश्न वाचत गेलो. दम्याच्या प्रश्नावर मुलगी म्हणाली, "आहे, काका. थंडीत पंप लागतो." तिची आई चटकन म्हणाली, "भाऊ, ते लिहू नका. उद्या हिच्यासाठी स्थळे बघायची आहेत."

मी तिला रागावलो नाही. आजार लपवण्यामागे दर वेळी हप्त्याचाच हिशेब असतो असे नाही. असली भीतीही असते. मी एवढेच सांगितले, की हा कागद कंपनीकडे जातो, वधूवर मेळाव्यात नव्हे. आणि डब्लिनच्या थंडीत मध्यरात्री हिला दम लागला, तर जवळ आपण कोणी नसू, हा कागद असेल. मग माझी न्यू जर्सीची हकीकत तिला सांगितली. ती बराच वेळ गप्प बसली. शेवटी लेकीच्या हातात पेन देऊन म्हणाली, "लिही. कधीपासून आहे तेही लिही."