मागचा ड्रायव्हर

मला आठ चाकांची एक गाडी फार आवडते. तिचे नाव पानार ई. बी. आर. असे आहे. ती फ्रान्स देशाची चिलखती गाडी आहे. चिलखती म्हणजे अंगाला जाड लोखंड असलेली. ही गाडी मी खरीखुरी पाहिलेली नाही. दादाच्या संगणकावर ‘वर्ल्ड ऑफ टँक्स’ नावाचा खेळ आहे, त्यात पाहिली.

आमच्या मामांनी दादाला त्यांचा जुना संगणक दिला आहे. संध्याकाळी लाईट असली आणि रेंज आली तर दादा अर्धा तास खेळतो. मी शेजारी बसते. या खेळात दोन्ही बाजूंना 15-15 गाड्या असतात. लढाई जास्तीत जास्त 15 मिनिटे चालते. मोठमोठे रणगाडे असतात. ‘माऊस’ नावाचा जर्मन रणगाडा तर 188 टनांचा आहे. चाकांच्या हलक्या गाड्या या खेळात फेब्रुवारी 2019 मध्ये आल्या. ई. बी. आर. सुमारे 13 टनांची आहे. म्हणजे एका माऊसच्या वजनात 14 ई. बी. आर. बसतील. हे गणित मी स्वतः केले.

मग एवढ्याशा गाडीचे काम काय? मित्रमैत्रिणींनो, आपल्याकडे ज्वारी राखायला मचाणावर पोराला बसवतात ना? ते पोर काही रानडुकराशी लढत नाही. ते नुसते बघते आणि हाळी देते. मग मोठी माणसे धावत येतात. ई. बी. आर. चे काम तसेच आहे. ती पळत पुढे जाते, झुडपाआड थांबते आणि शत्रू कुठे आहे ते आपल्या बाजूला दाखवते. गोळा दुसराच मारतो, पण दाखवल्याचे गुण हिलाही मिळतात. आपण शत्रूला दिसलो की पडद्यावर एक दिवा लागतो. दिवा लागला की मी ओरडते, “दादा, पळ!”

खरी गाडी 1951 सालापासून बनू लागली. रस्त्यावर ती ताशी सुमारे 100 किलोमीटर पळायची. तिची मधली चार चाके लोखंडाची असत. रस्त्यावर ती वर उचललेली राहत आणि रानात खाली सोडत. भाताच्या चिखलात ट्रॅक्टरला लोखंडी चाके लावतात, तसाच हा प्रकार. गाडीत चार माणसे बसत. एक साहेब, एक तोफ चालवणारा आणि दोन ड्रायव्हर. एक ड्रायव्हर पुढे तोंड करून बसे आणि दुसरा मागे तोंड करून. पुढे धोका दिसला तर गाडी वळवायची गरजच नाही. मागचा ड्रायव्हर गाडी ताब्यात घेई आणि तितक्याच वेगाने परत आणी.

पुढे पोर्तुगाल देशाने पण या गाड्या घेतल्या. 25 एप्रिल 1974 रोजी तिथल्या सैनिकांनी लिस्बन शहरात त्या रस्त्यावर आणल्या आणि जुलमी सरकार पाडले. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुले खोचली. आपल्याकडे पॉलिहाऊसमध्ये लावतात तीच ही फुले.

एकदा आजी आमच्या मागे उभी राहून खेळ बघत होती. तिने विचारले, “आरं, त्या गाडीत माणसं बसत्यात का?” दादा म्हणाला, “आजी, हा खेळ आहे. गाडी जळली की दुसरी घ्यायची.” आजी म्हणाली, “खेळात घे बाबा दुसरी. खऱ्या गाडीतल्या माणसाला दुसरं कोण देणार?” दादा काहीच बोलला नाही. त्याने संगणक बंद केला.

आजी असे का बोलली ते मला माहीत आहे. दादा सैन्यभरतीची तयारी करतो. रोज पहाटे तो 1600 मीटर पळतो. आई त्याला भिजवलेले हरभरे देते, पण भरतीचा विषय निघाला की चुलीपुढे जाऊन बसते. मला पण दादा जवान झालेला पाहिजे, आणि भीती पण वाटते. मी त्याला विचारले, “तुला मागचा ड्रायव्हर मिळेल का?” तो हसून म्हणाला, “येडे, ती जुनी गाडी. आता तिच्या जागी दुसऱ्या आल्या.”

दिवाळीच्या सुट्टीत दादा मला अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय दाखवणार आहे. तिथे चाकांची एक जुनी रोल्स रॉईस चिलखती गाडी आहे. तिच्यात माणसे कुठे बसत आणि त्यांना मागचे दिसे का, ते मी नीट बघणार आहे.

तोफ मारणाऱ्याचे नाव सगळे घेतात. मला मात्र मागे तोंड करून बसणारा तो ड्रायव्हर जास्त आवडतो. सगळ्यांना परत आणायचे काम त्याचे असते. दादा पहाटे पळतो तेव्हा मी घड्याळ घेऊन मारुतीच्या पारावर उभी राहते. तो पुढे पळत जातो आणि मी त्याच्या परत यायच्या वाटेकडे बघत राहते.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी