दोरीवरची त्रिज्या

शाळेत त्रिज्या शिकलो ती कंपासपेटीतून. टोक रोवायचं, पेन्सिल फिरवायची, टोकापासून पेन्सिलीपर्यंतचं अंतर म्हणजे त्रिज्या. आधी केंद्र, मग वर्तुळ. पुढे रेल्वेच्या पी-वे खात्यात, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या खात्यात लागलो, आणि पहिल्याच कर्व्हवर ही शिकवण अडली. घाटातल्या वळणाचं केंद्र एक तर दरीवर अधांतरी असतं, नाही तर डोंगराच्या पोटात. सपाटीवर ते कुणाच्या तरी उसाच्या फडात, किलोमीटरभर आत. तिथे जाऊन टेप लावणार कोण? तीस वर्षांत मी शेकड्यांनी त्रिज्या मोजल्या. एकाही वळणाच्या केंद्रावर पाय ठेवला नाही.

आम्ही मोजतो दोरीनं. बाहेरच्या रुळावर दर दहा मीटरला रंगाची खूण करायची. वीस मीटर लांबीची नायलॉनची दोरी दोन गँगमन पहिल्या आणि तिसऱ्या खुणेवर रुळाच्या आतल्या कडेला टेकवून ताणून धरतात. मधल्या खुणेपाशी रूळ बाहेर वळलेला, दोरी सरळ. दोघांमध्ये जी फट पडते ती पोलादी पट्टीनं मोजायची. तिला आमच्याकडे वर्साइन म्हणतात. पन्नास हजारांना त्या मिलिमीटरांनी भागा, मीटरमध्ये त्रिज्या हातात येते. फट ४० मिलिमीटर आली तर त्रिज्या १२५० मीटर. कोकण रेल्वे आखताना यापेक्षा तंग वळण घ्यायचं नाही असं ठरलं होतं. ब्रॉडगेजवर जास्तीत जास्त दहा अंशांचं वळण चालतं, म्हणजे त्रिज्या १७५ मीटर आणि फट २८६ मिलिमीटर. वीतभराहून थोडी जास्त.

ऐकायला सोपं वाटतं, पण वारा असला की दोरी थरथरते. अशा वेळी पट्टी घेऊन उकिडवं बसून राहायचं आणि दोरी शांत व्हायची वाट बघायची. घाई करून चालत नाही. चाळिसाच्या जागी एक्केचाळीस वाचलं गेलं, तर त्रिज्या १२५० ची १२२० होते. इथे एक मिलिमीटर चुकला की तिकडे केंद्र तीस मीटर सरकतं. हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा मी पट्टी पुसून पुन्हा मोजायला बसलो होतो.

आमच्या या दोरीचं मूळ फार जुनं आहे, हे मला नोकरीत बरंच उशिरा कळलं. चाळीसगावजवळच्या पाटणला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, तिथे मठ काढला, त्याची नोंद त्यावर आहे. तो बघून आलो आणि उत्सुकतेनं भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’चं मराठी भाषांतर मिळवलं. त्यात वर्तुळाच्या प्रकरणात आमचीच दोरी भेटली. वर्तुळाचा तुकडा म्हणजे धनुष्य, ताणलेली दोरी म्हणजे ज्या, आणि मधली फट म्हणजे शर, दोरीवर लावलेला बाण. ज्या आणि शर ठाऊक असले की वर्तुळाचा व्यास काढता येतो. आर्यभटानं इ. स. ४९९ च्या सुमारास हा नियम सांगून ठेवला आहे: अर्ध्या ज्येचा वर्ग म्हणजे व्यासाच्या दोन शरांचा गुणाकार. आमचं पन्नास हजारांचं सूत्र त्यातूनच निघतं. शर फार लहान असतो म्हणून एक बारीकशी बेरीज तेवढी आम्ही सोडून देतो.

त्रिज्या हा शब्दही तिथलाच. मी समजत होतो की त्याचा तीनशी काहीतरी उगाचच संबंध असावा. तो आहे ‘तीन राशींची ज्या’. राशी तीस अंशांची, तीन राशी म्हणजे नव्वद अंश, आणि आपल्या जुन्या गणितात नव्वद अंशांची ज्या वर्तुळाच्या त्रिज्येएवढी. आर्यभट ती ३४३८ धरतो, कारण परिघाच्या २१,६०० कला मानल्या की त्रिज्या तेवढ्याच कलांची भरते. इंग्रजी रेडियस लॅटिनमधून आला, त्याचा अर्थ चाकाचा आरा. आरा तुंब्यातून निघतो आणि धावेकडे जातो. आपला शब्द धनुर्धाऱ्याचा आहे, तो दोरीकडून बघतो. रुळावरच्या माणसाला दुसरीच नजर लागते, हे मी अनुभवानं सांगतो.

ही नजर मला एका मुकादमानं दिली. नवा होतो. दोन अंशांच्या कर्व्हवर, जिथे सगळीकडे साधारण ५७ यायला हवेत, तिथे ओळीनं आकडे आले: ५५, ५८, ४१, ७४, ४३, ६०. मी वहीत बघून हुकूम सोडला की ४१ आणि ४३ कमी आहेत, दोन्ही ठिकाणी रूळ बाहेर रेटा. पहारी उचलल्या गेल्या. मुकादम मात्र वीस पावलं मागे जाऊन गुडघ्यावर बसला, गाल जवळजवळ रुळाला टेकवला, एक डोळा मिटला.

“साहेब, खड्डं न्हाईत ते. मधी पोट आलंय. तेवढंच आत घ्या.”

मी पुन्हा वही उघडली. रूळ एका खुणेपाशी आत घेतला की तिथला वर्साइन तितक्यानं उतरतो आणि दोन्ही शेजाऱ्यांचे निम्म्या-निम्म्यानं चढतात, हे पुस्तकात वाचलेलं होतं. हाताला लागलेलं नव्हतं. मधली जागा १६ मिलिमीटर आत. ७४ चे झाले ५८. ४१ चे ४९, ४३ चे ५१. एकाच जागेच्या रेट्यात तीन आकडे सुधारले आणि बेरीज आधीचीच राहिली, १५८. माझ्या पद्धतीनं दोन ठिकाणी रूळ हलला असता, तोही बाहेर, जिथे विजेचा खांब आधीच जवळ होता. मुकादमाला सूत्र येत नव्हतं. त्याला वाकणं दिसत होतं, आणि त्रिज्या म्हणजे तेवढंच तर असतं. रूळ किती वाकलाय हे तिथल्या तिथे, त्या वीस मीटरांत ठरतं. दूरचं केंद्र हा त्या वाकण्याचा आपण मांडलेला हिशेब.

आमच्याकडे त्रिज्या बिघडली की आकडा वहीत राहत नाही, माणसाच्या अंगावर येतो. वळणावर गाडी बाहेर फेकली जाऊ पाहते; तो जोर वेगाच्या वर्गानं वाढतो आणि त्रिज्या वाढेल तसा उतरतो. म्हणून बाहेरचा रूळ उंच ठेवतात, त्याला कँट म्हणतात. आता तोच दोन अंशांचा कर्व्ह घ्या, त्रिज्या ८७५ मीटर. ताशी ८० च्या गाडीला तिथे जवळपास १०० मिलिमीटर कँट नेमका बसतो. पण त्याच रुळावरून ४० च्या वेगानं मालगाडी येते. तिला २५ पुरे. उरलेल्या ७५ मिलिमीटरांमुळे ती आतल्या रुळावर रेलते आणि तो चेपत जातो. मेल १०५ नं आली तर तिला १७५ लागतील, म्हणजे ७५ कमी. नेहमीच्या नियमानं दोन्हीकडे ७५ हीच मर्यादा आहे. एका त्रिज्येवर तीन वेगांच्या गाड्यांना न्याय द्यायचा, हे पी-वेवाल्याचं रोजचं काम. ते नीट झालं तर प्रवाशाला कळतही नाही, आणि तसंच असायला हवं.

सरळ रुळाची त्रिज्या अनंत. तिथून एकदम ८७५ वर उडी मारली तर डब्यातला उभा माणूस कलंडेल. शरीराला त्रिज्येचा फार त्रास होत नाही, त्रिज्या अचानक बदलण्याचा होतो. म्हणून दोघांमध्ये ट्रान्झिशन घालतात. तिथे वर्साइन ठरावीक टप्प्यानं चढत जातो.

निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला आणि आमची दोरी मला सगळीकडे दिसू लागली. अकराव्या शतकात अल् बिरूनीनं पंजाबातल्या नंदना किल्ल्यावरून क्षितिज किती खाली झुकलंय तो कोन मोजला, डोंगराची उंची घेतली आणि पृथ्वीची त्रिज्या काढली. पृथ्वीच्या केंद्राकडे माणूस आजवर फार तर बारा किलोमीटर खोल भोक पाडू शकला आहे. त्रिज्या आहे ६३७१. पुरातत्त्ववाले इनामगावसारख्या ठिकाणी मिळालेल्या मडक्याच्या काठाचा तुकडा वर्तुळं आखलेल्या कागदावर ठेवतात आणि फुटक्या मडक्याचं तोंड केवढं होतं ते सांगतात. प्रोटॉनला तर नेमकी कडाच नाही. त्याची त्रिज्या त्याच्याभोवतीच्या कणाच्या ऊर्जेत पडणाऱ्या इवल्याशा फरकावरून काढतात. २०१० मध्ये इलेक्ट्रॉनच्या जागी जड म्युऑन ठेवून मोजलं तेव्हा आधी ०.८८ फेम्टोमीटरच्या आसपास मानलेली ती ०.८४ भरली, आणि पुढची कित्येक वर्षं भौतिकशास्त्रज्ञ त्या फरकाच्या मागे होते. मला त्यांची तगमग समजते. एक मिलिमीटर चुकला की काय होतं ते मी पाहिलंय.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. कंपास जरूर द्या, पण त्याच आठवड्यात मुलांच्या हाती वर्तुळाचा एखादा तुकडाही द्या, ज्याचं केंद्र हरवलंय असा. गेल्या महिन्यात नातीची बांगडी फुटली. मी त्यातला मोठा तुकडा उचलला, काठ घासून बोथट केले आणि तिला म्हटलं, ही केवढी होती ते सांग. तिनं आतल्या बाजूनं दोन टोकांवर पट्टी टेकवली, चाळीस मिलिमीटर. मधली खोली मोजली, आठ. अर्ध्या ज्येचा वर्ग चारशे, भागिले आठ, पन्नास. त्यात शराचे आठ मिळवले. व्यास अठ्ठावन्न. मग आजीच्या डब्यातली तशीच दुसरी आणून आतून मोजली. सत्तावन्न भरली. बांगडी दोन-चारच्या मापाची होती.