तळ भक्कम, तर कोठार भक्कम



परसात एखादी लहानशी कोठाराची खोली असावी, असे आपल्याला सगळ्यांनाच वाटते. मीही चार वर्षांपूर्वी अशी खोली बांधली. भिंती आणि छप्पर यांकडे लक्ष दिले, तळाकडे दिले नाही. त्याची किंमत आईने राखलेल्या भुईमुगाच्या बियाण्याला मोजावी लागली. तुमच्यावर ती पाळी येऊ नये, म्हणून हे लिहीत आहे.

आमची जमीन काळी. मी वीतभर खणून दगड ठेवले, त्यांवर लाकडे टाकली आणि फळ्या ठोकल्या. आमच्या सुतारकाकांनी विचारले, "अरे, मुरूम लागला का?" मी म्हणालो, "काका, खोलीच तर आहे, वाडा थोडाच बांधतोय!" ते काही बोलले नाहीत.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आक्रसते. पहिल्याच पावसाळ्यात कोपऱ्यातला दगड उचलला गेला, मधली लाकडे वाकली. डोळ्यांना दिसत होते, तरी दिवाळीनंतर शेंगांच्या गोण्या मी त्याच तळावर रचल्या. एका लाकडाचे टोक मातीला लागले होते. तिथून वाळवी चढली. मृगाच्या तोंडावर गोण्या उघडल्या, तर खालच्या थरात मातीच हाती आली. आईने चार शेंगा फोडून पाहिल्या आणि गोणीचे तोंड पुन्हा बांधले. रागावली असती तर बरे वाटले असते. त्या वर्षी बियाणे उधारीवर आणले.

मग काकांच्या घरी गेलो. त्यांच्या हाताखाली राहून तळ पुन्हा केला, तो असा.

खोली ८ फूट बाय १० फूट. आधी वजनाचा हिशेब केला. ५० किलोच्या ४० गोण्या म्हणजे २० क्विंटल. एवढा भार पेलायचा, तर टेकू जवळ जवळ हवेत. म्हणून तीन-तीनच्या तीन ओळींत नऊ खड्डे मुरूम लागेपर्यंत खणले आणि जमिनीवर दीड फूट येतील असे दगडी खांब बांधले. खालून वारा खेळतो आणि वाकून पाहिले की वाळवीची वाट दिसते. प्रत्येक खांबावर पत्रा ठेवून त्याच्या कडा बाहेर काढून खाली वाकवल्या. वाळवीला आता लपून चढता येत नाही.

खांबांची पातळी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने जुळवली. त्यांवर ४ बाय ६ इंचांच्या तीन तुळया लांबीला टाकल्या. तुळयांवर २ बाय ४ इंचांची नऊ आडवी लाकडे, सव्वा-सव्वा फुटावर. आणि इथेच माझी जुनी चूक कळली. मी लाकडे पसरट ठेवली होती. काकांनी ती कडेवर उभी केली. तेच लाकूड उभे ठेवले, तर दुप्पट भार पेलते आणि वाकते मात्र चौथाईच. एक पैसा जास्त लागत नाही! टेकूंमधले अंतर दुप्पट केले, तर त्याच वजनाखाली लाकूड आठपट वाकते, हेही ध्यानात ठेवा.

फळ्या ठोकण्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण दोरीने मोजा. ते सारखे भरले, तरच चौकट काटकोनात आहे. लाकूड पुरते वाळलेले घ्या. ओले लाकूड पुढे पिळते आणि खिळे सैल होतात. गोण्या भिंतीपासून हातभर दूर रचा.

काम झाल्यावर आई खोलीत आली. चारही कोपऱ्यांत पाय दाबून पाहिले आणि म्हणाली, "आता ठेव बियाणे."

त्याला तीन पावसाळे झाले. तळ जागचा हललेला नाही. पण अजूनही दर महिन्याला मी कंदील घेऊन खाली वाकतो. तुम्हीही वाकत चला. कमरेला थोडा त्रास होईल, पण मृगाच्या तोंडावर मान खाली घालावी लागणार नाही.