कोपऱ्याचा हिशेब

सगळी पृष्ठं एकसारखी, प्रत्येक पृष्ठ सुसम बहुभुज, प्रत्येक कोपऱ्यावर सारख्याच संख्येने पृष्ठं. या अटी पाळणाऱ्या बहिर्वक्र आकृती पाचच: चतुष्फलक, घन, अष्टफलक, द्वादशफलक, विंशतिफलक. युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’चा तेरावा खंड याच निष्कर्षावर संपतो.

*

पाचच का, ते कोपऱ्यावर ठरतं. कोपरा उभा राहायला निदान तीन पृष्ठं हवीत आणि तिथल्या कोनांची बेरीज ३६० अंशांच्या आत हवी. समभुज त्रिकोण तीन, चार किंवा पाच बसतात. सहा झाले की कागद सपाट. चौरस तीनच. पंचकोनही तीनच, बेरीज ३२४. तीन षट्कोनांत पुन्हा ३६० भरले, खेळ संपला. घनफळाच्या सूत्राआधी मुलांकडून हे पुठ्ठा-कात्रीने करून घ्यायला हवं.

*

तुरटी. गरम पाण्यात मावेल तेवढी विरघळवायची, पाणी गार होऊ द्यायचं आणि एक छोटा नितळ खडा दोऱ्याने त्यात मधोमध टांगायचा. तळाशी पडलेला स्फटिक खालून वाढू शकत नाही, चपटा राहतो. टांगलेल्याला आठही त्रिकोणी पृष्ठं फुटतात. प्लेटोने मूलतत्त्वांना आकार वाटताना अष्टफलक हवेला बहाल केला होता. तुरटी तर न्हाव्याच्या दुकानातही सापडते.

*

फ्लुओराइटचे स्फटिक बहुधा घनाकार वाढतात. पण नीट फोडले तर आठही कोपरे तिरके उडतात आणि हातात अष्टफलक उरतो. मीठ मात्र फोडलं तरी चौकोनीच.

*

हडप्पा, मोहेंजोदडो, लोथल: चर्ट दगडाची घासून गुळगुळीत केलेली घनाकार वजनं. लहान वजनं दुपटीने चढत जातात: १, २, ४, ८, १६… सोळाचं वजन सुमारे १३.६ ग्रॅम. युक्लिडच्या कितीतरी आधीचं हे काम.

*

पायराइटचा बारा पृष्ठांचा स्फटिक लांबून सुसम वाटतो. जवळून पाहावं: प्रत्येक पंचकोनाची एक कड इतर चौघींपेक्षा वेगळी. ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणाऱ्या अणूंच्या मांडणीत पाचपदरी सममिती बसतच नाही.

*

विषाणूंना ती अडचण नाही, त्यांना फक्त एक कवच पुरं करायचं असतं. जनुकं थोडी, म्हणून थोड्याच प्रकारची प्रथिनं पुन्हा पुन्हा वापरायची. विंशतिफलकाच्या सममितीत एकाच तुकड्याला ६० सारख्या जागा मिळतात. पोलिओ विषाणूच्या कवचात चार प्रथिनं आहेत, प्रत्येकाच्या ६० प्रती. किती काटकसर, आणि ती किती सुंदर!

*

एप्रिल १९८२. संशोधक डॅन शेक्टमन यांना ॲल्युमिनियम-मँगनीजच्या मिश्रधातूत विंशतिफलकाची, म्हणजे तीच ‘न बसणारी’ पाचपदरी, सममिती दिसली. लायनस पाउलिंगसारख्या दिग्गज रसायनशास्त्रज्ञाने विरोध केला. शेक्टमन हटले नाहीत. त्या धातूत अणू शिस्तीने बसले होते, पण मांडणी ठरावीक अंतराने परतत नव्हती. १९९२ मध्ये स्फटिकाची व्याख्या बदलली, २०११ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.