तीन अंशांचे अंतर

सोयाबीन निघाले होते, जमिनीत ओल होती. म्हणून धाकट्या भावाने देऊळगाव राजाच्या आमच्या शेतात दिवाळीपूर्वीच हरभरा पेरला. त्या वर्षी ऑक्टोबरचा उकाडा सरता सरत नव्हता. महिनाभरात हिरवी रोपे माना टाकू लागली. त्याने एक रोप उपटून उभे चिरले, तर आत काळपट रेघ. मर रोग! बियाण्याच्या पिशवीवर मात्र ‘मर रोगास प्रतिकारक’ असे ठळक छापलेले. तो म्हणाला, “दादा, बियाणं खोटं निघालं.” मी शिकल्यासवरल्याच्या तोऱ्यात त्यालाच बोल लावला, “त्याच वावरात पुन्हा हरभरा घेतलास, दुसरं काय होणार?” उकाड्याचा विचार दोघांच्याही मनात आला नाही.

पुढे कधीतरी वाचनात आले, की २००६ साली स्पेन व इस्राएलमधील संशोधकांनी हरभऱ्याचे ‘आयाला’ हे वाण तपासले होते. दिवसाचे तापमान २४ अंश असताना ते मर रोगाच्या बुरशीपुढे बऱ्यापैकी तग धरून राहिले; २७ अंशांवर त्याच बुरशीला सहज बळी पडले. बियाणे तेच, रोग तोच. अंतर केवळ तीन अंशांचे.

असे का व्हावे, याचा एक धागा २०२२ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनात सापडतो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील शेंग यांग हे यांच्या चमूने मोहरीच्या कुळातील एका लहान रोपावर प्रयोग केले. जिवाणूंचा हल्ला होताच हे रोप एरवी सॅलिसिलिक आम्ल तयार करून बचाव उभारते. २८ अंशांवर मात्र ते काम थंडावते, कारण त्याची आज्ञा देणारे एक जनुकच गप्प होते. ते जागे ठेवले, तेव्हा प्रतिकारही परतला. आपल्याला ताप चढतो तो रोगाशी झुंजताना. झाडाला बाहेरून चढलेला ताप मात्र त्याच्या हातचे शस्त्रच काढून घेतो.

विशेषण नामाचा गुण सांगते, असे मी वर्गात शिकवतो. ‘प्रतिकारक’ या विशेषणामागे हवामानाची एक अट दडलेली असते, ती कुठल्या पिशवीवर छापणार?

परवा भावाला हे सारे सांगितले आणि माझा तो जुना बोल मागे घेतला. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “थंडीची वाट पाहावी, तर ओल उडून जाते. मग पेरायचं कधी, दादा?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते.