हरणाऱ्या संघाच्या मैदानावर

शिकागो शहर पाहावयास जाणारा आपल्याकडील प्रवासी बहुधा मिशिगन सरोवराचा कांठ, उत्तुंग इमारती आणि सन १८९३ मध्यें स्वामी विवेकानंदांचें भाषण जेथें झालें ती कलासंग्रहालयाची वास्तु, एवढें पाहून परततो. दक्षिण भागांतील पस्तिसाव्या रस्त्याकडे त्याचें पाऊल सहसा वळत नाहीं. सन २०२४ च्या सप्टेंबरांत आम्ही चिरंजीवांकडे मुक्कामास असतां नातवाच्या आग्रहास्तव तिकडे जाण्याचा योग आला.

तेथें ‘व्हाइट सॉक्स’ म्हणजे ‘पांढरे मोजे’ असें गमतीचें नांव धारण करणाऱ्या बेसबॉल-संघाचें मैदान आहे. सध्यांचें मैदान १९९१ सालचें. त्यापूर्वीं शेजारींच १९१० पासूनचें जुनें कोमिस्की पार्क होतें. तें पाडून आतां तेथें मोटारी उभ्या करतात. परंतु फलंदाज जेथें उभा राहत असे ती जागा संगमरवरी फरशी बसवून राखून ठेविली आहे. वाडा पडला तरी तुळशीवृंदावनाची जागा जपावी, तसा हा प्रकार पाहून त्या लोकांविषयीं आम्हांस आपलेपणा वाटूं लागला.

बेसबॉलमध्यें प्रत्येक पक्षाचे नऊ डाव असतात. तीन गडी बाद झाले कीं डाव संपतो. एका हंगामांत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. त्या वर्षीं व्हाइट सॉक्सची दशा अशी कीं, जुलै-ऑगस्टांत सलग २१ सामने ते हरले. सन १९०० नंतरच्या काळांत सर्वांत अधिक, म्हणजे १२० पराभव १९६२ सालीं न्यूयॉर्क मेट्सच्या नांवावर नोंदले गेले होते. आम्ही २५ सप्टेंबरच्या सायंकाळीं गेलों, तेव्हां व्हाइट सॉक्सचेहि १२० भरले होते! एकशेंएकविसावा पराभव याचि डोळां पाहावा म्हणून पुष्कळ मंडळी जमली होती. ‘संघ विकून टाका’ असा मालकांस उद्देशून घोषहि चालू होता.

आमच्या शेजारीं सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ शिसपेन्सिलीनें वही भरीत बसले होते. प्रत्येक फलंदाजास एक चौकोन. चेंडू हुकवून बाद झाल्यास ‘के’ हें अक्षर, आणि बॅट न उचलतां नुसता पाहत राहून बाद झाल्यास तेंच अक्षर उलटें. ही विद्या वडिलांनीं जुन्या मैदानावर शिकविली, असें ते म्हणाले. सन २००५ मध्यें संघानें तब्बल ८८ वर्षांनीं जागतिक अजिंक्यपद मिळविलें, तें पाहावयास मात्र वडील राहिले नव्हते. त्या दिवसाचें पान त्यांनीं दोघांसाठीं म्हणून भरलें होतें.

अशा वर्षीं एवढी निगुतीनें नोंद कशासाठीं, असें आम्हीं नातवामार्फत विचारलें. त्यांनीं मागील पानें उलटून दाखविलीं. गॅरेट क्रोशे नांवाचा तरुण चेंडूफेक्या या वर्षीं प्रथमच सामन्याच्या आरंभापासून चेंडू टाकूं लागला, आणि १४६ डावांत त्यानें २०९ फलंदाज ‘के’ केले. आदल्याच रात्रीं आठव्या डावांत तीन धावा काढून संघानें हातचा गेलेला सामना परत मिळविला होता. “हे ओरडतात तें खरेंच आहे,” ते म्हणाले, “मीहि रागावलों आहें. पण मालक चुकला म्हणून त्या पोरानें घेतलेला झेल खोटा होत नाहीं. हरल्याची नोंद एका ओळींत संपते. बाकीचें पान खेळाचें आहे.”

आम्हीं उभा जन्म शाळेंत घालविला. निकालाचा शेंकडा वरिष्ठांस कळवावाच लागे, आणि तो लपविणें हें पाप. परंतु नापास झालेल्यांपैकीं कोणाचें अक्षर वळणावर आलें, कोणास संधि सोडवितां येऊं लागले, हें त्या शेंकड्यांत कोठें असतें? तें वर्गावर रोज उभ्या राहणाऱ्यासच ठाऊक.

त्या रात्रीं दहाव्या डावांत बेनिनटेंडीनें चेंडू मोकळ्या जागीं टोलविला आणि सामना ४-३ असा जिंकला गेला. पराभव पाहावयास आलेले लोकहि टाळ्या पिटूं लागले. गृहस्थ मात्र टाळी वाजविण्यापूर्वीं शेवटचा चौकोन भरीत होते. दुसऱ्या दिवशींहि घरच्या मैदानावर जयच झाला. अखेर २७ तारखेस डेट्रॉइट येथें तो एकशेंएकविसावा पराभव आलाच. पण पुढील दोन सामने जिंकूनच मंडळी घरीं परतलीं. एकंदर ४१ जय, १२१ पराजय.

सन २०२५ च्या हंगामानंतर नातवाचें पत्र आलें. ६० जिंकले, १०२ हरले. “आजोबा, एक वही भरली, दुसरी अर्धी झाली आहे,” असें त्यानें लिहिलें होतें.